गच्चीवरचा नापास खोका

मी फटाके फोडते. पगारावर.

असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गंभीर होतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे नक्की काय करता?" म्हणून इथेच एकदा सांगून टाकते. बाजारात यायचा प्रत्येक नवा फटाका आधी आमच्या कार्यालयात येतो. तो घरात लावण्यासारखा आहे, अंगणात लावण्यासारखा आहे, मोकळ्या मैदानातच लावावा असा आहे, की जाणकार माणसाशिवाय कोणी त्याला हातच लावू नये, हे आम्ही ठरवतो. याला वर्गीकरण म्हणतात. त्यासाठी फटाका हलवावा लागतो, तापवावा लागतो, उंचावरून पाडावा लागतो आणि एवढे हाल करूनही तो शहाण्यासारखा वागला तर शेवटी फोडावा लागतो. फोडण्याचं काम माझं.

ऐकायला मजेचं वाटतं. पण हे सगळं चालतं भर दुपारी, सिमेंटच्या एका चौकोनी अंगणात, आणि फोडणाऱ्याखेरीज कोणी त्या अंगणात थांबायचं नाही असा नियम आहे. बाकीचे सगळे जाड भिंतीपलीकडे चहा पीत असतात. दुपारच्या उन्हात रंगही दिसत नाहीत. यंत्र म्हणतं हिरवा, मी लिहिते हिरवा. आजवर मी आभाळात उधळलेल्या रंगांवर एखादं गाव खूश झालं असतं. ते रंग बघितले फक्त यंत्राने, आणि यंत्राला कौतुक करता येत नाही.

तर आमच्या इमारतीची लिफ्ट. ती बंद पडून इतकी वर्षं झाली होती की काही मुलं ते तळमजल्यावरचं कपाट आहे असं समजूनच मोठी झाली. अखेर भांडणं, सभा, सभेतली भांडणं आणि भांडणांसाठीच्या सभा असं सगळं होऊन नवी लिफ्ट बसली. एका रविवारी उद्घाटन ठरलं. आणि एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजली.

माझ्या दाराची बेल दोनच कारणांनी वाजते. एक, खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून. दोन, चुकून. त्यामुळे दार उघडून मी सवयीने म्हणाले, "मी प्लंबरला फोन केलाय."

दारात सोसायटीचे सेक्रेटरी होते. धापा टाकत होते, कारण लिफ्ट उद्घाटनापर्यंत वापरायची नाही असं त्यांनीच ठरवलं होतं.

"मॅडम, ओल नाही. तुमच्याकडे एक काम आहे. गच्चीवर थोडी आतषबाजी करायचं ठरलंय. माझ्या मेव्हण्याने एक खोकं पाठवलंय. तुम्ही त्या खात्यातल्या. जरा नजर टाका म्हणजे झालं."

मला काय झालं कोण जाणे. मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला, पाहुण्यांच्या कपांवरची धूळ धुतली. धुताना लक्षात आलं की एका कपाच्या आत कोळ्याने चांगलं जाळं विणलं होतं. सेक्रेटरी चहा घाईने प्यायले आणि "बरंय, निघतो" म्हणाले. मी त्यांना एका फटाक्यात चार प्रकारचे धोके कसे असू शकतात हे सांगितलं, तेव्हा ते उठून उभे राहिले. वातींचे प्रकार सांगायला लागले तेव्हा ते जिन्यात होते. पण उरलेलं मी कठड्यावरून वाकून सांगितलं.

इथेच थांबायला हवं होतं. नजर टाकायची, "छान आहे" म्हणायचं, रविवारी नवी साडी नेसून टाळ्या वाजवायच्या. पण कोणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे माझं काम घेऊन आलं होतं. ते मी नजर टाकून कसं करणार?

खोकं मी घरी आणून उघडलं. आत बुटांच्या खोक्याएवढे बरेच खोके. प्रत्येकात कागदी नळ्या उभ्या चिकटवलेल्या. एक वात पेटवली की एकेका नळीतून रंगीत गोळे वर जातात. म्हणजे खोका उभा राहिला तर वर जातात. खोक्यावर सिंहाचं चित्र होतं. बनवणाऱ्याचं नाव नाही, वर्ग नाही, किती लांब उभं राहायचं ते नाही. सिंहावर विश्वास ठेवायचा.

मी टेप घेऊन गच्ची मोजायला गेले. मध्यभागी पाण्याची टाकी. असल्या खोक्यापासून बघणाऱ्यांनी जेवढं लांब राहायला हवं, तेवढं लांब त्यांना नेलं तर ते कठड्यापलीकडे हवेत उभे राहतील असं निघालं. हे मी सेक्रेटरींना सांगितलं.

"मग अर्ध्या अंतराचे फटाके कुठले असतात?" त्यांनी विचारलं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांचा खरा व्यवसाय कोणालाच माहीत नाही, पण ते सल्ला देतात. रंग कोणता द्यावा, गुडघा दुखला तर काय लावावं, मुलाला कुठल्या शाळेत घालावं. ते जिन्यात मला थांबवून म्हणाले, "मॅडम, सगळं कशाला तपासता? वरचे दोन बघा. फळांची पेटी आपण अशीच घेतो की नाही?"

"फळ नासकं निघालं तर ते उडून तुमच्या अंगावर येत नाही," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मला रागावर एक काढा सुचवला.

मी दोन-चार खोके पिशवीत घालून कार्यालयात नेणार होते, पण आमचे साहेब नियमाचे पक्के. ते म्हणाले, "खाजगी नमुना आपण घेत नाही. बनवणाऱ्याने द्यावा, नाहीतर पोलिसांनी जप्त करून पाठवावा. तुम्ही यातल्या कोण?"

"मी तपासनीस."

"तपासणारी तुम्ही आणि आणणारीही तुम्ही? उद्या म्हणाल, मीच पेशंट आणि मीच डॉक्टर."

मी मेव्हण्यांना फोन करून बनवणाऱ्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, "घरगुती आहेत. एकदम शुद्ध." मग मी पोलीस चौकीत गेले आणि माझंच खोकं जप्त करा अशी विनंती केली. हवालदाराने मला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं असं मायेने विचारलं. कोणी नसतं म्हटल्यावर त्याने आणखी एक पेला पाणी दिलं. हा विषय अग्निशमन दलाचा, असं त्याचं मत पडलं. अग्निशमन दलातला माणूस म्हणाला, "आग लागलीय का?" मी म्हटलं, "अजून नाही." "मग लागली की कळवा," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून नंबर लिहून दिला.

शेवटी साहेबांनीच वाट काढली. रस्त्यात सापडलेली बेवारस वस्तू नमुना म्हणून चालते. म्हणजे मी खोकं फाटकाबाहेर ठेवायचं, वॉचमनला ते सापडायचं, त्याने ते चौकीत द्यायचं आणि चौकीने आमच्याकडे पाठवायचं. मी ठेवलं. वॉचमनने ते इमानदारीने उचललं आणि "मॅडम, तुमचं खोकं बाहेर राहिलं" म्हणत पुन्हा माझ्या दारात आणून ठेवलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी त्याला गयावया करून सांगितलं की, बाबा रे, हे माझं नाही, मला ओळखू नकोस. त्यानंतर तो मला खरंच ओळखेनासा झाला. आता फाटकातून आत जाताना तो मला कुणाकडे जायचंय म्हणून विचारतो.

नमुना आला. बुधवारी मी अंगणात उतरले.

पहिला खोका छान उडाला. दुसरा छान. पुढचे काही तर इतके गुणी निघाले की मला सिंहाची माफी मागावीशी वाटली. मग एक पेटवला, मागे सरले, हेल्मेटची काच धुरकटली म्हणून क्षणभर वर केली (हे आमच्या साहेबांना कृपा करून सांगू नका), आणि तेवढ्यात बुडाचा डिंक सुटून खोका आडवा झाला. उरलेले गोळे जमिनीलगत सुटले. एक माझ्या कानाशेजारून गेला. एक भिंतीवर आपटून परत फिरला. एक थेट साहेबांच्या खिडकीतून आत जाऊन भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसला आणि तिथे शेवटपर्यंत जांभळा जळला.

साहेब बाहेर आले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही माझ्याकडे असं संशयाने का बघताय?" त्यांनी विचारलं.

मी संशयाने बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तेव्हा उलगडा झाला. माझी उजवी भुवई जळून गेली होती. एकच भुवई उरली की चेहरा सतत कसला तरी संशय घेतल्यासारखा दिसतो. आदल्या दिवशी मी त्याच चेहऱ्याने भाजी घेतली होती, बसने आले होते, शेजारणीला दारात "कशा आहात" म्हटलं होतं. घरी येऊन जेवले, भांडी घासली, झोपले. भुवई गेली हे कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. घरात आणखी एक माणूस असतं तर निदान किंचाळलं असतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मग पेन्सिलने काढ की. तुझी वहिनी तर दोन्ही काढते." मागून वहिनीचा आवाज आला आणि फोन कट झाला.

खोका नापास झाला. बाकीचे पास झाले असले तरी आमच्याकडे एक पडला की सगळे पडतात, कारण पुढचा कुठला पडणार हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. हे मी सेक्रेटरींना नीट समजावलं. त्यांना एवढंच समजलं की मी त्यांचे फटाके उडवून संपवले.

"मॅडम, तुम्हाला बघा म्हटलं होतं. फोडा नाही."

"फोडल्याशिवाय कळत नाही ना."

"मग आता राहिलं काय?"

"राहिलेले द्यायची मला परवानगी नाही."

"वा!" ते म्हणाले. माझ्या भुवईकडे त्यांचं लक्ष गेलंच नाही. "मुलांना सांगतो, फटाकेबाईंनी सगळे एकटीनेच उडवले. फुगे लावू. फुगे चालतील ना? की तेही फोडून बघणार?"

त्यानंतर जिन्यात माझ्याशी कोणी बोलेना. म्हणजे आधीही बोलत नव्हतेच, पण आता त्यात एक ठरवून न बोलणं आलं होतं, आणि तो फरक तिथे राहणाऱ्या माणसाला बरोबर कळतो. एका लहान मुलीने मला लिफ्टपाशी बघून आईला विचारलं, "हीच का ती?" आईने तिचा हात ओढला.

रविवारी संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरले. गच्चीवर लगबग ऐकू येत होती. मला कोणी बोलावलं नव्हतं. तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्या दिवसभर खिडकीत बसून ये-जा बघतात. मी दूध घेऊन परतले तेव्हा त्यांनी हाक मारली, "ए फटाकेबाई!" अशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. "इकडे ये. उजेडात ये. तुझी एक भुवई कुठं गेली गं?"

"जळली."

"कधी?"

"बुधवारी."

"आणि आज रविवार! कोणी विचारलं नाही?"

"नाही."

आजींनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि जिथे भुवई असायची तिथे अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "फुगे लावणार होते ना हे? त्या सेक्रेटरीचा मेव्हणा मघाशी गाडीतून खोकं उतरवून वर गेला. सिंहाचं चित्र होतं बघ. पोरांना सतरंजीवर पुढे बसवणार आहेत म्हणे."

दुधाची पिशवी त्यांच्या खिडकीत टाकून मी जिना चढायला लागले. लिफ्टला रिबीन बांधली होती.

गच्चीवर सगळी इमारत जमलेली. टाकीला फुगे बांधलेले, खुर्च्या मांडलेल्या, पुढे सतरंजीवर मुलं मांडी घालून बसलेली. आणि त्यांच्यासमोर ते मोठं खोकं. मी मनात एक छोटं भाषण तयार करत आले होते, पण वर पोचेपर्यंत मला इतका दम लागला की शब्द फुटेना. म्हणून मी सरळ जाऊन खोक्यावर बसले.

फटाक्यांच्या खोक्यावर बसणं नियमाच्या पूर्ण विरुद्ध आहे. मीच नवीन लोकांना तसं शिकवते.

"मॅडम, उठा," सेक्रेटरी म्हणाले.

मी मान हलवली.

"उठा हो. सगळे बघतायत."

"मुलांना आधी जिन्यात न्या."

दुसऱ्या मजल्यावरचे सल्लागार पुढे आले. "आपण मधला मार्ग काढू. मॅडमनी उठावं, आणि बसायचंच असेल तर शेवटच्या रांगेत बसावं."

मेव्हण्यांनी छातीवर हात ठेवून शुद्धतेची शपथ घेतली. एवढ्यात खाली कोणीतरी रिबीन कापली असावी, कारण लिफ्टचं दार उघडलं आणि काठी टेकत आजी बाहेर आल्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. उद्घाटनाची पहिली फेरी त्यांनी मारली, हे सेक्रेटरींना नंतर कळलं आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.

शेवटी तडजोड झाली. मुलं जिन्याच्या दाराआड, मोठी माणसं कठड्याला टेकून, आणि एकच खोका मी स्वतः लावून दाखवायचा. तो कसा पडतो ते एकदा सगळ्यांनी बघावं म्हणजे वाद मिटेल, असं मला वाटलं. मी एक खोका सपाट जागी ठेवला, वात पेटवली, मागे सरले.

खोका पडला नाही.

लाल गोळा वर गेला आणि फुलासारखा उमलला. मग हिरवा. मग पिवळा, आणि त्यातून रुपेरी धारा. दिवस नुकताच मावळला होता. हिरवा असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी "हिरवा" असं लिहीत होते. मागे मुलं ओरडत होती, मोठी माणसं "आहाहा" करत होती, आणि टाळ्या वाजत होत्या. त्यातल्या काही माझ्याही होत्या, हे मला हात लाल झाल्यावर कळलं.

शेवटचा गोळा विझला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मग?" सेक्रेटरी म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी हसून बोलत होते. "झालं ना मॅडम समाधान? आता या, आमच्यात बसा. या, जागा करा रे मॅडमना!"

आणि खरंच जागा झाली. खुर्ची पुढे आली. ती पुढे ओढणाऱ्या बाई मला "या ना" म्हणाल्या. मुलं दार ढकलून पुन्हा सतरंजीकडे धावली.

मला त्या खुर्चीत बसायचं होतं. याहून जास्त काही मला सांगता येणार नाही.

टाकी गळते म्हणून तिच्याखाली दोन भरलेल्या बादल्या होत्या. मी एक उचलली आणि खोक्यावर ओतली. मग दुसरी. सिंह आधी काळवंडला, मग त्याचा कागद सुटून पाण्यावर तरंगत पन्हळीकडे गेला.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बायकांनी मुलांना उठवलं. एक मुलगा रडायला लागला, त्याला बापाने खांद्यावर घेतलं. खुर्ची परत रांगेत गेली. सेक्रेटरी म्हणाले, "एक पडला होता म्हणून? एक?" मी हो म्हणाले. ते लिफ्टपाशी गेले. लिफ्टच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. माझ्या कामाचं फळ हे असं असतं. काही होत नाही. आणि जे झालंच नाही, ते दाखवायचं कुणाला?

मी बादली पुन्हा भरली आणि भिजलेले खोके एकेक करून फाडून तिच्यात बुडवत बसले. मान वर केली तर शेवटच्या रांगेत आजी तशाच बसलेल्या.

"तुम्ही गेला नाहीत?"

"इतक्या वर्षांनी वर आले, लगेच कशाला जाऊ? खाली तरी कोण वाट बघतंय." त्या कठड्यापलीकडे बघत होत्या. सगळीकडे दिवे लागत होते. "केवढं वाढलं गं हे सगळं. मला वाटत होतं, माझ्या खिडकीतून दिसतं तेवढंच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या काय फोडणार आहेस?"

"उद्या भुईचक्रं आहेत."

"मी आले तर?"

आमच्या कायद्यात कुठल्याही नागरिकाला चाचणी बघायचा हक्क आहे. त्यासाठी अंगणाच्या भिंतीत जाड काच आहे आणि तिच्यामागे एक बाकही आहे. त्या बाकावर आम्ही बिघडलेले पंखे ठेवतो, कारण तो हक्क बजावायला आजवर कोणी आलं नाही. सोमवारी मी पंखे खाली उतरवले. साहेबांनी तीन वेळा नियम उघडून बघितला, आणि आजींना हेल्मेट घालायला लावलं. हेल्मेट त्यांच्या नाकापर्यंत आलं.

मी अंगणात उतरले. एक-एक भुईचक्र लावत गेले आणि प्रत्येक वेळी काचेकडे बघत गेले. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे रंग बरे दिसत होते. आधी आजींनी हात हलवला. मग काठी वर केली. मग काहीच हललं नाही, म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. आजी हेल्मेट भिंतीला टेकवून, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. मांडीवरच्या हाताच्या मुठीत कानाचं यंत्र काढून ठेवलेलं.

आतून साहेब लाऊडस्पीकरवरून म्हणाले, "शेवटचा नमुना राहिलाय. का थांबलात?"

"वाऱ्यामुळे," मी ओरडून सांगितलं.

वारा मुळीच नव्हता. मी भुईचक्र जमिनीवर नीट ठेवलं आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसून आजींना जाग यायची वाट बघत राहिले.